वखारीत सापडलेली गाडी

१२ जानेवारी

चि. गट्टूस,
अ. उ. आ. आशीर्वाद उत्तम आहेत की नाहीत याची आज खात्री देत नाही, पण मोठ्या बहिणीने द्यायचे असतात म्हणून दिले. जपून वापर.

फोनच करणार होते. पण फोनवर तू नुसतं हं हं करतोस आणि मला काय बोलायचं होतं ते मी विसरते. कागदावर मला कुणी मध्ये तोडत नाही.

इकडे सगळे बरे आहेत. तिकडे तू बरा आहेस हे मला वर्तमानपत्रातून कळलं. रविवारच्या पुरवणीत पाव पान भरून माझा सख्खा भाऊ जुन्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभा! हाताची घडी काय, हनुवटी वर काय, जसं काही गाडी त्यानेच जन्माला घातली. मागे धूसर दिसते ती आई आहे हे चष्मा पुसल्यावर कळलं. आमच्या लॅबमधल्या मुलींनी ते पान रक्ततपासणीच्या खिडकीशेजारी चिकटवलं आणि माझ्याकडे पार्टी मागितली. मी हसून दिली. संध्याकाळी घरी ह्यांनी विचारलं की काही जळतंय का. मी धावत जाऊन गॅस बघून आले. मग लक्षात आलं की ते माझ्याबद्दल बोलत होते.

जळते आहेच, लपवू कशाला? त्या गाडीत मी बसले आहे. मागच्या सीटचं लाल रेक्झिन उन्हात तापलं की मांडीला चिकटायचं आणि उठताना चर्र आवाज व्हायचा, हे तुला ठाऊक आहे का? तू तेव्हा नुकता रांगायला लागला होतास. आणि आता ती तुझी झाली, तू तिला सजवणार, पेपरवाले तुला विचारणार, आणि मला कुणी एक ओळ लिहून कळवणार नाही. आई फोनवर एवढंच म्हणाली की गट्टू मागची शेड साफ करतोय. साफ करतोय!

आणि ती गोष्ट! आजोबा वारले त्या दिवशी बाबांनी गाडी शेडमध्ये लावली आणि दुःखाने पुन्हा तिला हात लावला नाही, असं तू छापून आणलंस. लॅबमधल्या दोघींनी डोळे पुसले. अरे, आजोबा गेले तेव्हा मी सातवीत होते. गाडी त्याच्या कितीतरी आधी, मी तिसरीत असताना फळ्यांच्या मागे गेली. उलट आजोबाच रोज विचारायचे की गाडी कधी दुरुस्त होणार, आणि बाबा विषय बदलायचे.

खरं काय झालं ते मला माहीत आहे. विचारलंस तर सांगेन.

लोभ आहेच. सध्या जरा आंबलाय, तेवढं चालवून घे.
तुझी ताई

३० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांगच घातला आहे, कारण तुझ्यासमोर उभं राहून बोलायची सोय तू ठेवलेली नाहीस.

कळवलं नाही ही चूक झाली. पण पेपरवाले येतील हे मलाच माहीत नव्हतं. नवीन करवतीसाठी मागच्या शेडमध्ये सिमेंटचा ओटा घालायचा होता. म्हणून कोपऱ्यातली फळ्यांची थप्पी काढायला घेतली. ती बाबांनी रचलेली, ते गेल्यावरही कुणी न हलवलेली, छताला भिडलेली. शेवटच्या फळ्या हलल्या तेव्हा मागे ताडपत्री दिसली. तिच्यावर भुसा इतका की बोट पेरभर आत जायचं. ताडपत्री ओढली आणि एक गोल दिवा माझ्याकडे बघत होता. मी तिथेच भुशात बसलो. मी समजत होतो बाबांनी ती कधीच भंगारात घातली असेल. टायर जमिनीत रुतलेले, सीटमध्ये उंदरांच्या पिढ्या नांदून गेलेल्या, पण पत्रा शाबूत.

जुन्या गाड्यांच्या मंडळाचे सेक्रेटरी आले आणि पेपरवाल्याला त्यांनीच आणलं. त्यांचं म्हणणं, गाडीला गोष्ट असली पाहिजे, लोक रंग नाही बघत, गोष्ट बघतात. एप्रिलमध्ये त्यांचं प्रदर्शन आहे, तिथे प्रत्येक गाडीपुढे तिची गोष्ट लिहिलेली पाटी लावतात. मी माझ्या पदरचं काही सांगितलं नाही ग. लहान असताना मी बाबांना विचारलं होतं, तेव्हा त्यांनी जे सांगितलं तेच सांगितलं. ते सांगताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता, म्हणून ते माझ्या चांगलं लक्षात आहे.

पण तुझ्या पत्रानंतर झोप उडाली, कारण गाडीतच काही गोष्टी जुळत नाहीत. बाबा केवढे उंच! आणि चालवणाऱ्याची सीट अगदी पुढच्या खाचेत ओढलेली, तिच्यावर कापसाची उशी. क्लच आणि ब्रेक दोन्हींवर लाकडी ठोकळे तारेने बांधलेले. पाय न पुरणाऱ्या माणसासाठी करतात तसे. शिवाय इंजिन जाम झालंच नव्हतं. तेल घालून हाताने फिरवलं तर मऊ फिरलं. मिस्त्रीने डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं तर आतला रोटर गायब. अंगठ्याएवढा तुकडा असतो, तो नसला तर ठिणगी पोचत नाही आणि गाडी सुरू होत नाही. तो आपोआप पडत नाही. मिस्त्री म्हणाला की कुणीतरी काढून घेतलाय.

तुला माहीत असेल तर सांग. पण टोमणे मारून नको. गाडी मला मिळाली म्हणून तुझ्या पोटात दुखतं, आणि मी किती वर्षं दुखवून घेतलं ते कधी बोललो नाही. तुला शिकायला बाहेर पाठवलं, तुझा निकाल लागला की बाबा वखारीतल्या हमालांनाही थांबवून सांगायचे. मी त्यांच्या शेजारी बसून लाकूड मोजत होतो, मला कधी कुणाला दाखवलं नाही त्यांनी. त्यांनी मला एकट्याला सांगितलेली अशी ही एकच गोष्ट होती.

भाऊजींना नमस्कार. राग ओसरला की उत्तर दे, न ओसरला तरी दे.
तुझा गट्टू

८ फेब्रुवारी

चि. गट्टूस अ. उ. आ.

विचारलंस, म्हणून सांगते. ते ठोकळे आईच्या पायांसाठी आहेत.

हो, आपली आई गाडी चालवायची. बाबा दुपारी वखारीच्या ऑफिसात हिशेबाला बसले की मागच्या गल्लीत एक मिस्त्री यायचा. वखारीचा ट्रक दुरुस्त करायचा तोच. तो शेजारी बसायचा, आई स्टिअरिंगवर, आणि मी मागे. मला बजावलेलं असायचं की कुणी विचारलं तर बाजारात गेलो होतो म्हणून सांगायचं. मी तसंच सांगायचे, वर कोथिंबीर मिळाली नाही असंही स्वतःच्या मनाने जोडायचे.

मग एक दिवस गाडी सुरू होईना. बाबा म्हणाले इंजिन गेलं. तो मिस्त्री पुन्हा घरी आला नाही, आणि आई कितीतरी दिवस कुणाशी धड बोलली नाही. तेव्हा मला कळलं नव्हतं, मोठी झाल्यावर कळलं. आता तू रोटरचं लिहिलंस आणि उरलेलंही कळलं. कुठल्या नवऱ्याला आवडेल, आपली बायको दुपारी परक्या माणसाशेजारी बसून गावभर फिरलेली? काढून घेतला असणार त्यांनी.

तेव्हा लाव आता ही पाटी प्रदर्शनात. सेक्रेटरींना गोष्टच हवी आहे ना? बाबांनी तुला एकट्याला सांगितलं ते खोटं होतं, आणि मला कुणी काही न सांगता जे दिसलं ते खरं होतं. एवढं तरी माझ्या वाट्याचं मला राहू दे.

पत्र कडू झालं आहे. फाडून पुन्हा लिहिणार होते, पण टपालाची वेळ झाली.
तुझी ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

वि. वि. काही नाही, म्हणून लिहीत नाही.

तुझं पत्र मी शर्टाच्या खिशात ठेवलं आणि शर्ट धुवायला टाकला. आईने खिसे तपासले. तिला तू काय लिहिलंस ते वाचायचा हक्क आहेच, असं ती म्हणाली, कारण त्यात तिचंच नाव दिसलं. खुर्ची खिडकीशी ओढून तिने ते वाचलं. मला वाटलं आता रडेल. ती मिस्त्रीच्या भागापाशी पोचली असावी आणि अशी हसायला लागली की ठसका लागला, मला पाणी आणावं लागलं. पुढचं वाचताना मात्र हसली नाही. घडी घालून पत्र परत दिलं आणि म्हणाली की ह्या मुलीला मी स्वतः लिहिते.

मी गाडीवर पुन्हा ताडपत्री टाकली आहे. काम बंद आहे. तुला हवं होतं ते झालं असेल तर कळव.
गट्टू

२५ फेब्रुवारी

चि. बेबीस अनेक आशीर्वाद. तुझ्या लेकरांनाही. तुझ्यासाठी एक धपाटाही सोबत पाठवते आहे, तो पोचल्याचं कळव.

अग, तो मिस्त्री माझ्या वडिलांच्या वयाचा होता! दोन्ही कानांनी कमी ऐकायचा. गिअर कधी बदलायचा ते तोंडाने सांगण्याऐवजी पत्र्यावर थापा मारून सांगायचा. त्याच्यावर संशय घेणारी या जगात तू एकटीच निघालीस. आता डोळसपणे वाच, म्हणजे पुन्हा काही जोडणार नाहीस.

तुझ्या गाण्याच्या बाई आठवतात? तुझा गळा म्हणजे आपली वखारीतली करवत होती, तरी शिकवणी चालूच होती. याचं कारण मला तुझ्या बाबांमध्ये दिसायचं. एरवी ते उशिरा येणारे, पण शिकवणीच्या दिवशी वेळेवर येऊन बुटांना पॉलिश करायचे. अंधार पडलाय, बाईंना सोडून येतो, असं म्हणून गाडी काढायचे. मी दारात उभी राहून मागचा लाल दिवा वळणाआड जाईपर्यंत बघायची. बेबी, माझ्या छातीत तेव्हा जे व्हायचं ते मी कुणाला सांगितलं नाही. बाई दिसायला छान होत्या, शिकलेल्या होत्या, गायच्या. मला भाकऱ्या थापता यायच्या. म्हणून मी गाडी शिकले. हौस नव्हती, निव्वळ जळफळाट होता. एका संध्याकाळी खिळ्यावरची किल्ली घेतली आणि सांगितलं की आजपासून बाईंना मी सोडणार. हे थट्टा समजून हसले. मी गाडी फाटकाबाहेर नेली तेव्हा त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं.

पहिले काही दिवस मी बाईंशी एक अक्षर बोलले नाही. राग सगळा गिअरवर काढायची. मग एकदा बाजारात ऐन गर्दीत गाडी बंद पडली, मागे बस भोंगा वाजवत उभी. बाई चिखलात उतरल्या आणि चांगल्या बुटांनिशी गाडी ढकलायला लागल्या. एक बूट चिखलातच राहिला. आम्ही दोघी इतक्या हसलो की मला पुढचं दिसेना. त्या दिवशी त्यांनी सांगितलं की तुझ्या बाबांबरोबर जाताना त्यांना फार झोप यायची, कारण हे वाटभर फक्त लाकडाच्या जाती सांगायचे. याचसाठी मी मत्सराने वाळत होते!

मग शिकवणी आखूड आणि परतीचा रस्ता लांब होत गेला. कालव्याच्या रस्त्याने आम्ही उगाच जायचो. काचा वर करून बाई गायच्या, मी चालवायची. मला गाता येत नाही, पण तेव्हा वाटायचं की मीच गाते आहे. घरी यायला उशीर व्हायचा. हे जेवायचे थांबलेले असायचे. एकदा त्यांनी विचारलं की तुम्ही दोघी एवढं हसता तरी कशावर. मला सांगता येईना, सांगण्यासारखं काही नव्हतंच. ते ऐकून त्यांचा चेहरा कसा झाला ते मी ओळखलं. माझाच चेहरा होता तो, दारातला.

नंतर गाडी सुरू होईना. इंजिन गेलं असं हे म्हणाले. मिस्त्रीला ते झाकण उघडताना मी पाहिलेलं होतं. दुपारी जाऊन उघडलं, आत जागा रिकामी. झाकण लावून टाकलं आणि बोलले नाही. मी जळून सुरू केली, यांनी जळून बंद केली, फिटंफाट झाली असं मानलं. मी कुणाशी बोलत नव्हते म्हणतेस ते वेगळ्याच कारणाने. त्याच आठवड्यात बाई दुसऱ्या गावी नोकरी लागली म्हणून गेल्या, असं यांनी सांगितलं. मला न भेटता गेल्या. ते मला गाडीपेक्षा जास्त लागलं.

बाई निवृत्त होऊन परत आल्यात, पुलापलीकडे भाचीकडे राहतात, असं शिंपीणबाई सांगत होत्या. मी गेले नाही. जिला निरोप घ्यावासा वाटला नाही तिच्या दारात मी का जाऊ?

गट्टूशी गोड बोल. तो जेवत नाही नीट.
तुझी आई

६ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि. धपाटा पोचला. नेमका लागला.

मिस्त्रींबद्दल मी लिहिलं ते वाईटच होतं. पण तू म्हणतेस तसं डोळसपणे वाचलं तर मला काय दिसलं सांगू? तू बाईंना सोडायला जातेस एवढंच मला माहीत होतं, पण तू कालव्याच्या रस्त्याने हसत होतीस तेव्हा मी घरात बसून सा रे ग म घोटत होते. बाईंनीच घोटायला सांगितलं होतं! मी इतकी वर्षं गट्टूवर जळले, की बाबांच्या शेजारी तो बसला. आता बाईंवर जळते आहे. आई, तू माझ्याबरोबर कधी अशी हसली आहेस का, की पुढचं दिसू नये? आठवून बघ. मी आठवून बघितलं.

हे लिहून टाकलं म्हणजे बरं वाटेल असं वाटलं होतं. थोडं वाटलं.

तरी तू बाईंकडे जा. मला आवडत नसताना सांगते आहे, म्हणजे किती खरं सांगत असेन बघ. गट्टूला म्हणावं, ताडपत्री काढ, तो रोटर नवीन मिळतो का बघ, आणि आईला त्याच गाडीतून पुलापलीकडे घेऊन जा. तो माझ्यावर रुसला असेल तर त्याला सांग की बाबांनी त्याला खोटं सांगितलं खरं, पण मला तर काहीच सांगितलं नाही. डोक्यावर हात ठेवून खोटं सांगायलासुद्धा माणूस जवळचं लागतं.

मुलांचा नमस्कार. माझ्यावरची माया कमी केलीस तरी मी मागून घेईन.
तुझी बेबी

२१ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. या वेळी मनापासून.

आईने तुझं पत्र मला वाचून दाखवलं, शेवटचा भाग दोनदा. दुसऱ्या दिवशी मी ताडपत्री काढली. रोटर माझ्या मिस्त्रीने कुठल्याशा मोडक्या गाडीतून मिळवला. इंजिन सुरू झालं तेव्हा एवढा धूर निघाला की शेजारच्यांना वाटलं वखार पेटली. आई रोज दुपारी अंगणात स्टिअरिंगवर बसायला लागली. पहिल्या दिवशी तिने फळ्यांची एक थप्पी पाडली आणि थप्पी चुकीच्या जागी लावल्याबद्दल मलाच बोलली.

मग पुलापलीकडे गेलो. गाडी मी चालवली. बाईंनी दार उघडलं, आईला ओळखलं, पण या म्हणाल्या नाहीत. दारातच उभ्या राहून त्यांनी विचारलं की आता कशाला आलात. आईने विचारलं की न भेटता तुम्ही गेलात, आणि हे मलाच विचारता? तेव्हा बाई म्हणाल्या की निरोप तर तुम्हीच पाठवलात. बाबा त्यांच्या खोलीवर गेले होते, ताई. घरी आता गाणं नको आहे, आणि माझ्या बायकोला तुमची सोबतही नको आहे, तिला तोंडावर सांगायला जड जातं, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या गावची नोकरी बाईंनी त्यानंतर शोधली.

आई पायरीवर बसली. बाई आत जाऊन पाणी घेऊन आल्या आणि त्याही शेजारी बसल्या. मी गाडीपाशी जाऊन उगाच आधीच स्वच्छ असलेली काच पुसत राहिलो. परत येताना आई एवढंच म्हणाली, की तो अंगठ्याएवढा तुकडा तिने बाबांना कधीच माफ केला होता. पुढचं वाक्य तिने पूर्ण केलं नाही. मला अजून बाबांवर राग धरता येत नाही आणि सोडताही येत नाही. वखारीत त्यांच्या खुर्चीवर बसतो, उठतो, पुन्हा बसतो.

प्रदर्शन झालं. सेक्रेटरींनी फार विनवलं की जुनीच गोष्ट राहू द्या, ती छापून आलेली आहे, लोकांना आवडलेली आहे. मी आईला विचारलं. पाटीवर आम्ही लिहिलं, की ही गाडी घरची मालकीण चालवायची आणि ती बंद पडली नव्हती, बंद केली होती. लोक वाचायचे, एकमेकांकडे बघायचे आणि पुढच्या गाडीकडे जायचे. पहिलं बक्षीस एका निळ्या गाडीला मिळालं. तिचा मालक म्हणे युद्धावर जाताना गोठ्यात ठेवून गेला आणि परत आला नाही. सगळे रडले. मी इतका जळलो की त्या गाडीखाली वाकून बघितलं, तर सायलेन्सर चांगला ताजा बदललेला. पण कुणाला बोललो नाही.

कालचं सांगायचं राहिलं. बाई आपल्याकडे आल्या होत्या. चहा झाल्यावर आई उठली आणि दोघी अंगणात गाडीत जाऊन बसल्या, पुढे, शेजारी शेजारी. मी सवयीने मागचं दार उघडायला गेलो, तर आईने मला बाजूला व्हायला सांगितलं. गाडी अंगणात फिरायला लागली. काचा वर होत्या. आत काय चाललं होतं ते ऐकू येत नव्हतं, पण दोघींचे खांदे हलताना दिसत होते. तीन महिने मी त्या गाडीचा एकेक नट घासला आहे, ताई. सीट मी शिवून घेतली, रंगाचे हात मी दिले. त्या दोघींनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिथे आहे हेच त्यांना आठवत नव्हतं. माझ्या छातीत एक कळ आली आणि वाटलं, की पुरे आता, थांबवावं, वय झालंय, काहीतरी होईल, असं काहीही सांगून थांबवावं. हात वर करायलाही घेतला होता. तेवढ्यात कळलं की बाबा इथेच कुठेतरी उभे राहिले असतील.

तू इथे नव्हतीस म्हणून जळू नकोस. मी इथे असून जळलो.

मग मी गेलो आणि फाटकाचा अडसर काढला. एक पल्ला गंजून अडकला होता, तो खांद्याने ढकलला. आईने मला बघितलं की नाही देव जाणे. गाडी बाहेर पडली आणि कालव्याच्या बाजूला वळली.

सुट्टी काढून ये. आई म्हणते, तुला शेजारी बसवून कुठे न्यायचं ते तिने ठरवलं आहे, मला विचारलं तर सांगत नाही. येताना माझ्यासाठी थोडी माया राखून आण.
तुझा गट्टू